फुटकळ बातम्यांची मोट

सकाळचे सात वाजतात, दूध येतें, चहा होतो. आणि शिरूरच्या बाजारपेठेंतील घर असो कीं दौंडच्या स्टेशनाजवळची चाळ असो, घरांतील वडील माणूस चष्मा पुसून मोबाईल हातांत घेतो. रात्रभरांत तेथें बरेंच कांहीं येऊन पडलेलें असतें. मुंबईच्या भाच्यानें एक व्यंगचित्र धाडलेलें असतें. त्याखालीं चाकण आणि केडगांव येथील कांद्याचा कालचा भाव असतो. त्याखालीं साखर कारखान्यांनीं उसाला पहिली उचल काय जाहीर केली याची वार्ता. आणि सर्वांच्या शेवटीं, विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या एका बिबट्याचें छायाचित्र. वडील माणूस व्यंगचित्राला हसतो, भावाला चुकचुकतो, बिबट्याचें चित्र दोन बोटांनीं मोठें करून पाहतो, आणि मग या सर्व वस्तु जशाच्या तशा पुढें दहा घरीं पाठवून देतो. शेजारच्या घरीं भाजीची वाटी जावी, तितक्या सहजपणें.

असल्या फुटकळ वाचनाला नाक मुरडणारे लोक सुशिक्षितांत पुष्कळ आहेत. वाचावें तें एका विषयाचें, एका बैठकींत, आरंभापासून शेवटपर्यंत. हे तुकडे गोळा करणें म्हणजे कावळ्यानें काड्या आणि तारा जमविण्यासारखें आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. (कावळ्याचें घरटें त्या काड्यांवर आणि तारांवरच टिकून असतें, ही गोष्ट अलाहिदा.) परंतु चित्र, व्यापार आणि पशुपक्षी यांची एकत्र मोट बांधण्याची हौस कांहीं मोबाईलनें लावलेली नाहीं. महाराष्ट्रांतील शिकलेल्या घरांना ती शंभर वर्षांपूर्वींच लागली होती, आणि ती लावणारीं माणसें रिकामटेकडीं नव्हतीं.

औंध संस्थानांतील एका ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं नांगरांचा कारखाना वसविला. दहा वर्षांनीं, म्हणजे १९२० सालीं, त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं 'किर्लोस्कर खबर' या नांवाचें नियतकालिक सुरू केलें. नांवाप्रमाणें ती कारखान्याची खबर होती. पण नांगराची आणि चरकाची खबर दर महिन्याला आवडीनें कोण वाचणार? शंकरराव मुळांत चित्रकार. त्यांनीं टाक हातीं घेतला, स्वतः व्यंगचित्रें काढलीं, आणि उद्योगधंद्याच्या कोरड्या मजकुराला हंसतें तोंड दिलें. लोखंडी नांगरानें जमिनींत विष कालवलें जातें, अशी त्या काळीं पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. अशा समजुतीशीं पांच पानी लेखापेक्षां पांच रेघांचें चित्र अधिक बरें झगडतें, हें ज्याला उमगलें तो खरा संपादक. पुढें 'खबर' हा शब्द गळून पडला, नुसतें 'किर्लोस्कर' राहिलें. १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' अशीं भावंडें त्याला झालीं. आणि कारखान्याच्या पोटीं जन्मलेलें हें पत्र मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत जाऊन बसलें.

तिकडे पुण्यांत १९२८ सालीं 'सृष्टिज्ञान' मासिक निघालें आणि शास्त्राच्या व सृष्टीच्या नवलाईची सोय झाली. १९३२ च्या पहिल्या जानेवारीला नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' आला. त्याच 'सकाळ'मध्यें १९९१ पासून चिंटू हा खट्याळ मुलगा रोज तीन-चार चौकटींत येऊं लागला, तेव्हां राजकारणाचें पहिलें पान बाजूला सारून आधीं चिंटू पाहणारे गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ पुणें जिल्ह्यांत घरोघर दिसूं लागले. त्यांना कोणी उथळ म्हटलें नाहीं.

याहूनहि मागें जावयाचें, तर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहणाऱ्या भीमेच्या खोऱ्यांतच उतरावें लागतें. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेंतील अधिकारी. १८२४ सालीं मुंबई सरकारनें त्याला दख्खनची आंकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमलें. पुणें, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील लोकसंख्या किती, जमिनीचा धारा काय, मजुरी काय, धान्य कोणत्या भावानें विकतें, हें टिपावयाचें. म्हणजे आजच्या भाषेंत अर्थवार्ताच. पण हा मनुष्य धारा मोजतां मोजतां पक्षी मोजूं लागला, मासे मोजूं लागला, लांडग्याच्या पायांचा रंग पाहूं लागला. १८२९ सालीं सरकारनें ती जागा मोडली, तरीहि हातीं घेतलेलें काम पुरें करण्यासाठीं तो आणखी सुमारें एक वर्ष दख्खनांत राहिला.

दख्खनच्या लांडग्याचें शास्त्रीय वर्णन त्यानें १८३१ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्याला 'पॅलिपीस', म्हणजे फिकट पायांचा, असें नांव दिलें. हा प्राणी उघड्या, खडकाळ माळावर पुष्कळ आढळतो, घाटांतल्या झाडीत नाहीं, अशी नोंद त्यानें केली. दौंडच्या दक्षिणेकडचे कोरडे माळ ज्यानें पाहिले आहेत, त्याला ही नोंद आजची वाटेल. विशेष हें कीं, साइक्सनें मराठी नांवें टाकलीं नाहींत. लांडगा, तरस, कोळसून हीं नांवें त्याच्या इंग्रजी लिखाणांत जशीं ऐकलीं तशीं आलीं. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत सांपडलेल्या एका माशाला त्यानें 'खुद्री' म्हटलें. दुसरा 'कोलस', तिसरा 'इचकी'. मुळा-मुठा पुढें भीमेला मिळते. आणि तेथील मासेमारांच्या तोंडचे ते शब्द लॅटिन नांवांना चिकटून जगांतील प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत अद्याप नांदत आहेत.

साइक्सचा लांडगा, शंकररावांचें व्यंगचित्र, वर्तमानपत्रांतील गुळाचा भाव, या तिन्हींत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाला धनी होता. लांडगा कोठें राहतो, हें सांगणाऱ्यानें आपलें नांव खालीं घातलें होतें. चूक निघाली तर ती त्याच्या पदरांत पडणार होती. व्यंगचित्राच्या कोपऱ्यांत काढणाराची सही होती. गुळाच्या भावाला पेठेचें नांव आणि वार होता. मोट कितीहि विविध वस्तूंची असली, तरी प्रत्येक वस्तु कोणाच्या घरची, हें विचारतां येत असे आणि उत्तर मिळत असे.

आतां त्या विहिरीच्या कठड्यावरील बिबट्याकडे पुन्हां पाहावें. ही विहीर कोणत्या गांवची? चित्र कालचें कीं सहा वर्षांपूर्वींचें? पाठविणाराला ठाऊक नसतें. त्याला ज्यानें पाठविलें त्यालाहि ठाऊक नसतें. पुण्यामुंबईच्या घरांत या अज्ञानानें कांहीं बिघडत नाहीं. तेथें बिबट्या ही एक गंमत आहे. नाश्त्याच्या वेळीं पाहावी आणि विसरावी. शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडील गांवांत ती गंमत नाहीं.

२०२५ सालच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत पिंपरखेड व जांबूत या परिसरांत सुमारें तीन आठवड्यांच्या अवधींत बिबट्यानें तीन बळी घेतले. एक लहान मुलगी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा. लोकांचा संताप अनावर झाला. वनखात्याची गाडी जाळली गेली, मंचरजवळ पुणें-नाशिक रस्ता अडविला गेला, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं नेमबाजांनीं एका बिबट्याला गोळी घातली. आणि याच दिवसांत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून घडवून घेतलेलीं बिबट्यांचीं खोटीं चित्रें पुणें जिल्ह्यांत हातोहात फिरूं लागलीं. इतकीं, कीं वनखात्याला कारवाईचा इशारा द्यावा लागला.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शाळेंत सर्वांनीं वाचलेली आहे. त्या गोष्टींतील पोरगा निदान स्वतः टेकडीवर उभा होता. खोटें बोलणारा कोण हें गांवाला दिसत होतें. येथें हांक ऐकूं येते आणि टेकडीवर कोणीच नसतें. अशी एक थाप फिरली कीं दुहेरी अनर्थ होतो. जेथें बिबट्या नाहीं तेथें माणसें धास्तीनें दारें लावून बसतात; आणि जेथें तो खरोखरीच उसाच्या बांधावर आलेला असतो, तेथील बातमी 'हें हि तसलेंच' म्हणून झटकली जाते. वनरक्षक मोजके, गाड्या त्याहून मोजक्या. त्या खोट्या चित्राच्या गांवीं धांवल्या तर खऱ्या गांवीं उशिरा पोंचणार.

व्यंगचित्रकारहि खोटेंच काढतो, असें कोणी म्हणेल. पण तो तें उघड्यावर काढतो. त्याच्या चित्रांतील मांजर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचूं लागलें तर त्यावर कोणी मांजराला चष्मा आणावयास जात नाहीं. रेघ आपण रेघ आहों हें लपवीत नाहीं. घडविलेलें छायाचित्र मात्र साक्षीदाराचा पोषाख करून येतें. मोटेंतील या दोन वस्तु दिसावयाला एका जातीच्या, पण एक बहुरूपी आहे आणि दुसरा तोतया.

वास्तविक ज्याला बिबट्याचें नवलच ऐकावयाचें आहे, त्याला खोट्या चित्रांची गरज नाहीं. शिरूरच्या पलीकडे घोडनदी ओलांडली कीं पारनेर तालुका लागतो. तेथें टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं एक वयस्क बिबट्या विहिरींत पडला. त्याला वर काढलें, गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटांत सोडून दिलें. संशोधकांनीं त्याला 'आजोबा' हें नांव ठेवलें. हे आजोबा तेथून निघाले ते मुंबई-आग्रा रस्ता ओलांडून, कसाऱ्याच्या रेल्वेस्थानकाजवळून, वसईची खाडी पोहून, सुमारें १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांत जाऊन पोंचले. वाटेंत त्यांनीं कोणाहि माणसाला इजा केली नाहीं. २०११ सालीं एका वाहनाच्या धडकेनें त्यांचा अंत झाला. पुढें २०१४ सालीं त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. या हकीकतींत नवल आहे, आणि प्रत्येक मुक्कामाला तारीखहि आहे.

बिबट्याला गळपट्टा बांधणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं अकोल्याच्या उसाच्या खोऱ्यांत पाहणी केली. तेथें जंगल असें नव्हतेंच. तरी दर १०० चौरस किलोमीटरांत पूर्ण वाढ झालेले जवळजवळ पांच बिबटे निघाले. त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला, तर वजनानें ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आणि त्यांतहि सर्वांत मोठा वांटा, ३९ टक्के, गांवांतील कुत्र्यांचा. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याचा प्रयोग जुन्नर भागांत २००१ पासून झाला, तेव्हां माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असें त्यांनीं २०११ सालच्या निबंधांत दाखविलें. ज्या घरांतील मूल गेलें त्या घरासमोर हे आंकडे वाचून दाखविणें निर्दयपणाचें होईल. पण 'धरा आणि लांब नेऊन सोडा' असा निरोप पुढें पाठविणाऱ्या शहरांतील माणसाला ते ठाऊक असणें अवश्य आहे. कारण ती 'लांब'ची जागा म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी शिवार असतें.

आणि येथेंच त्या सकाळच्या मोटेचें खरें रूप दिसूं लागतें. कांद्याचा भाव, उसाची उचल आणि बिबट्याचें चित्र हे तीन निरनिराळे तुकडे वाटतात ते पुण्याहून पाहणाराला. शिरूरच्या शेतकऱ्याला ती एकच बातमी आहे. घोड, कुकडी आणि चासकमान यांचे कालवे आले आणि बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे बारा-चौदा महिने कोणी न शिरणारें, पाण्याचें, गर्द रान. बिबट्याच्या माद्या त्यांतच वितात, आणि उसांत जन्मलेल्या पिल्लांना डोंगर ठाऊक नसतो. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाल्याची वार्ता व्यापाराच्या पानावर छापतात. पण त्या वार्तेचा दुसरा अर्थ असा कीं आतां फड तुटूं लागतील, आडोसा जाईल, आणि आंतला प्राणी बाहेर पडेल. कांद्याची लागण आणि खुरपणी वांकून, बसून करावी लागते. आणि बसलेलें माणूस दुरून माणसाच्या उंचीचें दिसत नाहीं. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळाली तर दारें धरावयास रात्रींच जावें लागतें. म्हणून बिबट्याच्या हल्ल्यानंतर गांव जी पहिली मागणी करतें ती पिंजऱ्याच्या जोडीला दिवसाच्या विजेची असते. वन्यप्राण्यांच्या सदरांत विजेचें वेळापत्रक कां यावें, याचें कोडें शहरांतल्या वाचकाला पडतें. पिंपरखेडच्या बाईला पडत नाहीं.

भीमेच्या या कांठीं, दौंड तालुक्यांतहि, कालव्याखालचा ऊस आणि त्याच्या जोडीला गुऱ्हाळें आहेतच, आणि नदीकांठच्या उसांत बिबट्याचा वावरहि आतां नवा राहिलेला नाहीं. एके काळीं या तालुक्याचा श्वापद म्हणजे लांडगा. मेंढरांच्या कळपामागें येणारा, कोंकरूं उचलणारा. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यांत खिळे ठोकलेला पट्टा बांधीत, कां कीं लांडगा आधीं गळा धरतो.

२०२५ च्या नोव्हेंबरांत पिंपरखेडचें एक छायाचित्र देशभर फिरलें. शेतावर निघालेल्या बायामाणसांनीं गळ्यांत तसेच टोंकदार खिळ्यांचे पट्टे घातले होते. चित्र खरें होतें. परंतु ज्या मोटेंतून तें आलें तिच्यांत त्याच्या आधीं एक व्यंगचित्र होतें आणि नंतर आणखी एक, त्यामुळें लांबच्या घरीं कित्येकांना तेंहि व्यंगचित्रच वाटलें आणि ते हंसले. हंसणारांचा सारा दोष नव्हे. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यांत, यापेक्षां टाकानें काढलेलें व्यंगचित्र निराळें काय असणार? फक्त त्याखालीं गांवाचें नांव, महिना, आणि त्या महिन्यांत त्या गांवांत किती अंत्ययात्रा निघाल्या हा आंकडा, एवढ्या दोन ओळी कोणी ठेवल्या असत्या, तर हंसूं ओठांवरच थांबलें असतें. चित्र पुढें धाडतांना गळून पडतात त्या नेमक्या याच दोन ओळी.

असल्या ओळी ज्यांवर छापूनच येतात, अशींहि कांहीं चित्रें याच भागांत निघतात. ऊसतोड चालूं असतांना कोयत्याखालीं पाचटांत बिबट्याचे बछडे सांपडणें हें जुन्नर, आंबेगांव, शिरूर या पट्ट्यांत हंगामांतील नेहमींचें आहे. कामगार तोड थांबवितात, वनखात्याला कळवितात. माणिकडोहच्या निवारा केंद्रांतील पशुवैद्य येऊन पिल्लें तपासतात. मग संध्याकाळीं तीं, ज्या जागीं सांपडलीं त्याच जागीं, एका उघडतां येईल अशा पेटींत ठेवतात, जवळपास अंधारांत दिसणारा कॅमेरा लावतात आणि सर्वजण दूर जातात. पुष्कळदां रात्रींतून मादी येते. ती पेटीभोंवतीं फिरते, झांकण पाडते, एका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि उसाच्या उरलेल्या पट्ट्यांत नेऊन ठेवते. मग दुसऱ्यासाठीं परत येते. हीं चित्रें राखी, अंधुक, पिल्लू ओळखावयास दोनदां पाहावें लागेल अशीं असतात. खालच्या कोपऱ्यांत यंत्रानें तारीख, तास आणि मिनिट उमटविलेलें असतें, आणि फड कोणाचा हें त्या शिवारांत सर्वांना ठाऊक असतें; कारण दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेली तोड तेथूनच पुन्हां सुरू व्हावयाची असते.